पॉवर सप्लायमधला तांदूळ

हृषी,

तुझा कॉम्प्युटर सध्या माझ्याकडे आहे. इथे नोव्हाय शहरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, एका बाजूचं झाकण काढून ठेवलेला. तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. सकाळी जिमला म्हणून घराबाहेर पडलास आणि परत आला नाहीस. तुझ्याबद्दल सगळ्यांचं चांगलं चांगलं लिहून झालंय, त्यात भर घालायला मी बसलेलो नाही. मला तुझा हेवा वाटायचा. बारा वर्षं वाटायचा. तुला ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही, आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही. म्हणून सांगून टाकतो.

सुरुवात तुझ्या आठवीपासून होते, म्हणजे आपली ओळखही नव्हती तेव्हापासून. त्या दिवाळीत तुझ्या बाबांनी कॉम्प्युटरचे सुटे भाग आणून तुझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "जोड." हे तू मला शिकायला परदेशी, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलंस, अगदी सहज, जसं कुणी सांगतं की आमच्याकडे दिवाळीला चकल्या करतात. माझा कॉम्प्युटरशी पहिला संबंध आला तो इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये. दाराबाहेर चपला काढायच्या, हात पुसायचे, तिघांत एक मशीन, आणि माउस माझ्या हाती यायचा तो तास संपायच्या बेताला. त्यामुळे आपण दोघांनी मिळून मागवलेली ती खोकी आपल्या अपार्टमेंटच्या गालिच्यावर उघडायची वेळ आली, तेव्हा मी न ठरवता दाराशी गेलो, बूट काढले आणि येऊन मांडी घालून बसलो.

"दत्त्या, देवळात आलायस का?" तू म्हणालास.

मी हसलो. खरं तर मला राग आला होता. तू बूट घालूनच, मदरबोर्ड मांडीवर घेऊन, स्क्रू दातांत धरून बसला होतास.

बजेट म्हणजे दोघांच्या असिस्टंटशिपमधून भाडं, बस पास, किराणा जाऊन जे उरेल ते. तुझ्याकडे खरं तर जास्त असणार, पण तू कधी दाखवलं नाहीस, आणि मला त्याचाही राग यायचा. आपलं पहिलं भांडण पॉवर सप्लायवरून झालं. माझं म्हणणं साधं होतं: गेम खेळायचेत ना, मग सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. वीज देणारा डबा काय, कुठलाही चालेल, तो दिसतोय कुणाला? तू ऐकायला तयार नव्हतास. "पॉवर सप्लाय आधी. चांगला आणि गरजेपेक्षा मोठा. कार्ड आज साधं घेऊ, वर्षभराने बदलू. हा डबा एकदाच घ्यायचा." मी म्हणालो, हे श्रीमंतांचं गणित आहे, पुढच्या वर्षाचा विचार आज करायचं. आमच्याकडे आजचं आज बघतात. तू म्हणालास, "बरं, मग आमच्या गणिताने एकदा करून बघ." तुझंच खरं झालं. पुढची दोन वर्षं आपण एकेक भाग बदलत गेलो आणि त्या डब्याला हात लावावा लागला नाही. मी तुला तसं कधी म्हणालो नाही. आज म्हणतो.

तू मला शिकवलंस ते खरं म्हणजे एवढंच: आधी बघायचं, अडतंय कुठे. रॅम कमी पडतेय, की प्रोसेसर धापा टाकतोय, की कार्डच म्हातारं झालंय. जिथे अडतंय तिथेच पैसे घालायचे, दुसरीकडे घातलेले वाया. हे वाक्य मी नंतर ऑफिसात वापरलं, घर घेताना वापरलं. प्रत्येक वेळी स्वतःचं म्हणून.

तुझी आई फोनवर विचारायची, "कार्ड कुठलं घेतलं रे शेवटी?" आणि तू तिला सांगायचास, तिला ते कळायचं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकायचो. माझ्या आई-वडिलांना मी शेवटपर्यंत "प्रोजेक्टसाठी मशीन घेतलंय" असंच सांगितलं. एकदा चुकून गेम शब्द तोंडून गेला. अण्णा म्हणाले, "खेळायला गेलास व्हय तिकडं?" आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्या फोननंतर आठवडाभर मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तुला वाटलं मला परीक्षेचं टेन्शन आहे.

आणि मग ती खंडेनवमी.

अण्णांनी जन्मभर दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीत काम केलं. खंडेनवमीला गिरणी बंद. सकाळी ते मशीन पुसून काढायचे, पट्टा उतरवायचे, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता, नारळ. त्या दिवशी मालक आला तरी गिरणी चालू करायची नाही. मशीनचा एक दिवस मशीनचा. मला ते सोडवत नव्हतं. आईने बॅगेत कुंकवाची डबी दिलेली होती, हळद स्वयंपाकाचीच घेतली. झेंडू कुठे मिळणार, म्हणून नुसत्या अक्षता. कॅबिनेटचं झाकण काढलं, फडक्याने पुसलं, बोटं लावली आणि अक्षता वाहिल्या.

तू अंघोळ करून आलास. "हे काय चाललंय?"

"पूजा. आज चालू करायचा नाही."

"अरे पण माझी दुपारी मॅच आहे, पाच जण थांबलेत!"

"उद्या खेळ."

"दत्त्या, तू इंजिनिअर आहेस यार."

"म्हणूनच तर."

चिडलास, पण चालू केला नाहीस. त्या पाच जणांना काय सांगितलंस कोण जाणे. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि पॉवर सप्लायमधून आवाज आला, टक-टक-टक-टक. तू वाकून कान लावलास. मला वाकायची गरज नव्हती. गिरणीत खडा गेला की अण्णा रस्त्यावरून ओळखायचे, आणि त्यांचा मुलगा मी. जाळीतून एक दाणा आत गेला होता.

"तू पॉवर सप्लायमध्ये तांदूळ टाकलास?" तू म्हणालास. "भात लावतोयस का?"

आपण तो आख्खा कॅबिनेट उचलून उलटा केला, गदागदा हलवला, सरळ केला, परत उलटा. हळद सांडली, दोन-तीन दाणे पडले, हवा तो पडला नाही. मी म्हणालो डबाच उघडू. तू माझा हात धरलास. "तो उघडायचा नसतो. बंद असला तरी आत करंट साठलेला असतो. मरशील फुकट." मग राहिला तो दाणा आतच. दर वेळी चालू केलं की मिनिट-दोन मिनिटं टक-टक करायचा आणि मग कुठेतरी कोपऱ्यात जाऊन गप्प बसायचा. घरी आलेल्याला तू ऐकवायचास. "हे आमच्या दत्त्याचं पुण्य." लोक हसायचे. मीही हसायचो, आणि आतून जळायचो, की मशीन दोघांचं, पण त्यातलं चांगलं ते सगळं तुझं आणि बिघडलेलं तेवढं माझं.

पास झालो तेव्हा तुला कोलंबसला नोकरी लागलेली होती. मला नव्हती. कॉम्प्युटर कुणी न्यायचा हा प्रश्न आला. तू म्हणालास, तू ने. मी म्हणालो, मी कुणाच्या तरी सोफ्यावर झोपणार आहे, हे कुठे ठेवू? तूच ने, पॉवर सप्लाय तुझ्याच हट्टाचा आहे. हे मी जितक्या वाईट आवाजात म्हणता येईल तितक्या वाईट आवाजात म्हणालो. तू घेऊन गेलास.

पुढे मीही नोव्हायला लागलो, गाड्यांच्या कंपनीत. एका ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर सेकंडहँड घेतला आणि त्यात हळूहळू भाग घालत गेलो, कारण घरी बहिणीचं लग्न होतं, मग घराचा स्लॅब होता. तू कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये मोठं घर घेतलंस. तुला दर वर्षी कोरा करकरीत कॉम्प्युटर घेता आला असता. तरी तू तोच जुना कॅबिनेट धरून बसलास. मदरबोर्ड बदललास, कार्डं बदललीस, सेल बघून बघून, सेकंडहँड शोधून शोधून, आणि मला फोटो पाठवायचास: बघ, आपला कॉम्प्युटर अजून ओढतोय. मला ते नाटक वाटायचं. काटकसर हा तुझा छंद होता, हृषी. माझा तो अभ्यासक्रम होता. छंदवाल्याने अभ्यासक्रमवाल्याला फोटो पाठवू नयेत असं मला वाटायचं. पण उत्तर मात्र मी अंगठ्याचा इमोजी पाठवून द्यायचो.

आता गेल्या दिवाळीचं. तेही सांगतो, त्याशिवाय बाकीचं सगळं खोटं ठरेल.

तुझ्याकडे फराळाला जमलो होतो. रोहन होता. रोहन, तुझ्या शेजारच्या काकूंचा मुलगा, इथेच जन्मलेला, फिजिओथेरपिस्ट, तुला दादा म्हणणारा. तू ग्राफिक्स कार्ड बदललं होतंस आणि उतरवलेलं कार्ड एका कापडी पिशवीत घालून माझ्यापुढे धरलंस. "घेऊन जा रे. तुझ्याकडच्यापेक्षा दोन पिढ्या पुढचं आहे. पडून राहील इथे."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "लोकांचं उतरलेलं लहानपणी भरपूर वापरलं. आता स्वतःचं घेईन."

तुझ्या बायकोने, केतकीने, चिवड्याची बशी पुढे करून बघितली. तू पिशवी तशीच धरून उभा. आणि रोहन म्हणाला, "ओह, मग मी घेऊ का? दादा, कॅन आय?" इतक्या सहज. त्याला कुणी उतरलेलं म्हणून कधी काही दिलं नसेल, तर त्याला कशाला टोचेल? मी साडेतीन तास गाडी चालवत परत आलो आणि वाटेत कुठेही थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात तुझा फोन आला, मी मीटिंगमध्ये आहे म्हणालो. नव्हतो.

मग गेल्या महिन्यात तुझा मेसेज. "तुझा दाणा परत बोलायला लागलाय. ये एकदा ऐकायला."

त्यालाही मी अंगठा दाखवला. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. तू बोलावलंस आणि मी अंगठा दाखवला.

डब्लिनला सगळे जमले, तुझा फोटो ठेवला होता, एकेक जण उठून बोलत होता. रोहन उठला. मराठीत सुरू केलं त्याने, हे मान्य करतो. "हृषीदादाने मला पहिला पीसी बिल्ड करायला शिकवला. ही ऑल्वेज सेड, पॉवर सप्लाय आधी. अडतंय कुठे ते बघ." आणि रडायला लागला. लोकांनी त्याला जवळ घेतलं. मी मागच्या खुर्चीत बसून होतो आणि मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. ते वाक्य मला माझं वाटत होतं. तू मलाच दिलंयस असं वाटत होतं. आणि हा पोरगा, दर शनिवारी तुझ्याबरोबर ऑनलाइन खेळणारा, मी नाकारलेल्या कार्डावर खेळणारा, माझं वाक्य माझ्यासमोर बोलत होता. मी उठलो नाही. बोललो नाही. तुझ्या आईने व्हिडिओ कॉलवर माझं नाव घेतलं, "दत्ता बोलेल ना?" तरी नाही.

नंतर केतकीने मला आतल्या खोलीत नेलं. "रोहन कॉम्प्युटर मागतोय, आठवण म्हणून. पण हृषी नेहमी म्हणायचा, अर्धा दत्ताचा आहे. मला यातलं काही कळत नाही रे. तू सांग काय करू."

मी सांगितलं नाही. मी सरळ वायरी काढायला लागलो. कॅबिनेट उचलला, गाडीत पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला. केतकीला वाटलं किती प्रेम. हृषी, ते प्रेम नव्हतं. रोहनला मिळू नये म्हणून मी तो आणला. तुला खोटं सांगण्यात आता काही अर्थ नाही.

आता तो टेबलावर आहे. नवे गेम त्याला झेपत नाहीत. मी तुझ्या पद्धतीने बसलो, अडतंय कुठे ते बघायला. आमच्या ऑफिसात कपात चालू आहे, तेव्हा हात आखडूनच करायचंय. याच मदरबोर्डावर बसेल असा वरचा प्रोसेसर सेकंडहँड मिळतोय. रॅमची आणखी एक पट्टी. हे जमेल. कार्ड अडतंय. तू दिवाळीत घातलेलं ते नवं कार्ड मला आत दिसलं नाही; केतकी म्हणाली ते बिघडलं म्हणून परत पाठवलं होतंस आणि तात्पुरतं कुठलंतरी जुनं घालून चालवत होतास. आणि पॉवर सप्लाय. बारा वर्षांचा पॉवर सप्लाय नव्या भागांना जोडणं म्हणजे मूर्खपणा, हे आता मलाही कळतं. तो जाईल तेव्हा एकटा जाणार नाही, सगळ्यांना घेऊन जाईल. तूच शिकवलंयस. पण आपण दोघांनी मिळून घेतलेलं त्यात कॅबिनेट सोडला तर तेवढंच उरलंय. मी दोन दिवस स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन नुसता बसलो.

काल दुपारी रोहनचा फोन आला. घ्यायचा नव्हता, घेतला.

"दत्तादादा, ऐक ना. तू तो पीसी अपग्रेड करतोयस असं केतकीवहिनी म्हणाली. पॉवर सप्लाय रियूज नको करू, प्लीज. इट्स सो ओल्ड."

मी म्हणालो, माहीत आहे मला.

"नाही, म्हणजे, आय टोल्ड हिम लाइक टेन टाइम्स. मी म्हटलं, दादा, तूच सांगतोस आणि तूच नाही चेंज करत. एकदा तर मी नवीन घेऊन गेलो त्याच्या बर्थडेला. त्याने मलाच परत दिला. म्हणे, यातला राइस दुसऱ्यात नाही जाणार." रोहन हसला. "आय नेव्हर गॉट इट. काय राइस, दादा?"

मी फोन हातात धरून कॅबिनेटच्या जाळीतून आत बघायला लागलो. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

म्हणजे हृषी, तू काटकसरीचं नाटक करत नव्हतास. तुझाच नियम तू मोडत होतास, दर वर्षी, माझ्या हातून पडलेल्या एका दाण्यासाठी. आणि मी ते फोटो बघून जळत होतो. इतकी वर्षं अडत होतं कुठे, ते मला आत्ता दिसलं, आणि तेही कुणाच्या तोंडून, तर रोहनच्या.

मी त्याला म्हणालो, शनिवारी सकाळी ये नोव्हायला. नवा पॉवर सप्लाय घेऊन ठेवतो, दोघं मिळून बसवू. तो घाबरत घाबरत म्हणाला, "दादाने दिलेलं ते कार्ड... मी आता नवीन घेतलंय. पडूनच आहे. आणू का? यू कॅन से नो."

त्याला दिवाळी आठवत होती. मला वाटलं होतं, त्याला काही कळलंच नव्हतं.

मी म्हणालो, "आण."

एवढा एक शब्द बोलायला मला गेल्या दिवाळीपासून कालपर्यंत वेळ लागला. तुझ्यासमोर बोललो असतो तर तू पिशवी माझ्या हातात कोंबून लगेच विषय बदलला असतास, मला माहीत आहे.

शनिवारी जुना डबा काढायच्या आधी एकदा चालू करणार आहे. रोहनला जवळ बसवून ऐकवणार आहे, मिनिटभर, दोन मिनिटं, दाणा गप्प होईपर्यंत. तू मला बोलावलं होतंस ऐकायला, मी आलो नाही. आता मी दुसऱ्याला बोलावतोय. मग तो डबा काढून फडक्याने पुसून माझ्या कपाटात ठेवीन. खंडेनवमीला त्यालाही कुंकू लागेल.

रोहनला सगळं शिकवीन. तू मला दिलंस तसं, तुझं वाक्य तुझ्याच नावाने. कार्ड दिल्याबद्दल त्याचे आभारही मानीन, जमेल तितके. पण तो आवाज ऐकून तो विचारेलच, "दादा, हा राइस कुणी टाकला?" तेव्हा मात्र मी जराही न लाजता सांगणार आहे की मी. तू शनिवार त्याला दिलेस, नियम त्याला सांगितलेस, कार्ड त्याला दिलंस. तो दाणा माझ्या हातचा होता, हृषी, आणि तू तो माझा म्हणूनच ठेवलास. त्यात मी कुणाला वाटा देणार नाही.

तुझा,
दत्त्या